पारूकाकीची नेनिया

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. तुम्ही म्हणाल, पवनेच्या पुरात म्हशीचं शेपूट धरून दापोडीच्या पुलापर्यंत गेलो म्हणून सांगणारा हा गडी, याच्या पोटात काय राहणार? – राहिलं.

पन्नास सालानंतरची गोष्ट. चिंचवड गावठाणातून सायकल हाणत मी देहूरोडच्या मिलिटरी डेपोत कामाला जायचो. तिथं डिसोझा नावाचा कारकून होता. पाद्री व्हायला गेलेला, अर्ध्यातून परतलेला. एकदा म्हणाला, लॅटिनमध्ये मेलेल्या माणसासाठी गायच्या गाण्याला नेनिया म्हणतात. पोरांना खेळवायचं गाणं, मंत्र, फुकाची बडबड – जुन्या लोकांत हे सगळंही नेनियाच. इटलीत तर अंगाईसारख्या एकसुरी गाण्याला अजून तेच नाव आहे.

"तुमच्यात आहे का असलं काही?"

"आहे का? आमची पारूकाकी हेल काढून रडली, तर बारा गावचे बैल चरायचे थांबतात!"

"मग ऐकव की, राव."

आता आली पंचाईत. कुणी गेल्याशिवाय बाई हेल काढते होय? पण बढाई मारून बसलो होतो ना – माघार कशी घ्यायची?

काकी म्हणजे माझी चुलती. तिचा एकुलता भाऊ, शिवराममामा, चाकणला. रविवारी डिसोझाला गोठ्यामागं उभा केला, त्याला सांगितलं, मयत झालीय. आणि काकीला सांगितलं – बाजारात निरोप मिळाला, मामा गेला.

"माज्या दादा रं... आता दिवाळीला चोळीचा खण कोन आनंल रं..."

डिसोझानं टोपी काढली. मी? मी त्याच्याकडं बघत होतो, बैल थांबतात हे त्याला पटलं का म्हणून.

काकी चाकणला निघाली तसा धावत गेलो. निरोप चुकीचा, दुसराच कुणी शिवराम! तिनं डोळे पुसले, हसली, माझ्या हातावर गूळ ठेवला. मी तो खाल्ला.

इथवर थट्टा म्हणा हवं तर. खरं पुढंच आहे.

दोनेक वर्षांनी सकाळी एका अनोळखी ट्रकवाल्यानं चाकणचा निरोप आणला – शिवराम गेले, बहिणीसाठी अग्नी द्यायचा थांबवलाय. काकी चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

"मागं बी असंच झालं व्हतं, बाबा. दुसरा कुनी असंल. माजा दादा लोखंड हाय."

मी ओट्यावर चहा पीत होतो. मागचं खोटं माझं होतं, काकी, ऊठ – एवढंच म्हणायचं होतं. भावाचं तोंड शेवटचं पाहायला मिळालं असतं तिला. म्हणालो का? नाही. ट्रकवाला जरा वेळ थांबला, मग गेला.

चाकणला घरच्यांनी ऊन कलेपर्यंत वाट पाहिली, आणि अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी तिकडून घरचाच माणूस आला, तेव्हा मीच तिला चाकणला घेऊन गेलो. भावाच्या दारात ती बसली. गावच्या बाया भोवती जमल्या, कान देऊन. काकीनं हेल काढला नाही. माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "ह्या खेपंला बी खोटंच असंल म्हनून भाकरी थापत बसले रं मी. अशी कशी येडी झाले?"

मी म्हणालो, "व्हतं असं, काकी."