हिरव्या एमजीची नवी चाकं

आमच्या शेजारच्या अ‍ॅव्हरिल पर्स्लोने उभं आयुष्य औषधाच्या दुकानाचा काउंटर सांभाळला आणि रविवारी नवऱ्याच्या गाडीची चाकं पुसली. हे मी चेष्टेने सांगत नाही. ती चाकं तारांची होती. सायकलच्या चाकासारखी, पण तारा कितीतरी जास्त आणि एकमेकींत गुंतलेल्या. आमच्या इंग्लंडातल्या लेमस्टर गावाच्या आसपासचा तांबडा चिखल त्या फटींत जाऊन बसतो. तिथे फडकं पोचत नाही, बोटं शिरत नाहीत. अ‍ॅव्हरिल बागकामाची गादी गुडघ्यांखाली घेऊन, दात घासायचा जुना ब्रश हातात धरून एकेक तार साफ करायची. तिचा नवरा डेस बॉनेट उघडून आत डोकं खुपसून बसलेला असायचा. सगळी सकाळ दोघं एकमेकांशी चार शब्दसुद्धा बोलत नसत. पण ते भांडण नव्हे, हे कुंपणाच्या अलीकडून मलाही कळायचं.

गाडी म्हणजे हिरवी, उघडी, दोन माणसांची एमजी. साठच्या दशकातली. मूल होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, त्याच वर्षी डेसने ती आणली होती. क्लबातले लोक म्हणायचे, हेच पर्स्लोंचं लेकरू. अ‍ॅव्हरिलला ते बोलणं आवडत नसे. "लेकरू कसलं," ती मला म्हणाली होती, "ती गाडी आहे. मला त्यात बसायला आवडतं, एवढंच."

बसायला तिला खरोखर आवडायचं. जुन्या गाड्यांच्या क्लबची दर महिन्याला कुठेतरी फेरी निघे. डेस चालवायचा आणि ती डोक्याला रुमाल बांधून, मांडीवर नकाशा पसरून शेजारी. रस्ता चुकला की चूक डेसचीच, असं क्लबात ठरून गेलेलं. मे महिन्यात लग्नाच्या वाढदिवसाला दोघं वेल्समध्ये अ‍ॅबरडोव्हीला समुद्रावर जायची, धक्क्यावर बसून कागदातली मच्छी आणि बटाटे खायची आणि दुसऱ्या दिवशी परत यायची. पन्नाशीनंतर अ‍ॅव्हरिलच्या पाठीचा मणका झिजायला लागला. काउंटरमागे उभं राहून राहून झालं, असं ती म्हणायची. पण एमजीत तिला त्रास होत नसे. सीटवर ती एक चपटी उशी घ्यायची आणि खुशाल बसायची.

डेस नगरपालिकेच्या रस्ते खात्यात कारकून. खड्ड्यांबद्दल लोकांच्या तक्रारी यायच्या, त्यांना सभ्य उत्तरं लिहिणं हे त्याचं काम. तो निवृत्त झाला आणि तिथून बिघडत गेलं. आधी सहा महिने त्याने गॅरेज रंगवलं. मग कुंपण रंगवलं. मग रंगवायला काही उरलं नाही.

त्या उन्हाळ्यात गावच्या जत्रेत गाड्यांचं प्रदर्शन होतं. डेसच्या शेजारी लॉइड ट्रॅन्टरने आपली गाडी लावली होती. लॉइड चाळिशीचा, उद्योगवसाहतीत त्याचं गॅरेज. जुन्या गाड्या घ्यायच्या आणि त्यांना नवी इंजिनं, नवी चाकं घालायची हा त्याचा धंदा. पोरंटोरं सगळी त्याच्या गाडीभोवती. लॉइड डेसच्या गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "गाडी झकास आहे, डेस. पण ही बाबागाडीची चाकं कधी काढणार?"

पोरं हसली. डेसही हसला. मी तिथेच होते, अ‍ॅव्हरिलबरोबर केक विकत. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. अ‍ॅव्हरिलने मात्र नवऱ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "लागलं त्याला."

लागलंच होतं. ऑक्टोबरात डेस गाडी लॉइडकडे घेऊन गेला. बायकोला सांगितलं, ब्रेक बघायचे आहेत. ब्रेक बघायला लॉइडला तीन आठवडे लागले. गाडी परत आली तेव्हा मी पानं झाडत होते आणि अ‍ॅव्हरिल फाटकाशी उभी होती.

चाकं केवढी तरी मोठी होती. राखाडी, चकचकीत, पाच जाड पाकळ्यांची. टायर इतके चपटे, की चाकाभोवती काळ्या रबराची नुसती किनार ओढल्यासारखी. ती मावावीत म्हणून चाकांवरचा पत्रा कापून बाहेर फुगवला होता, आणि गाडी खाली बसवली होती. बारक्या चणीच्या माणसाने थोरल्या भावाचे बूट घालावेत तशी ती दिसत होती. पण हे माझं मत. डेसचा चेहरा विशीतल्या पोरासारखा झाला होता.

"बोल की," तो म्हणाला.

"जुनी कुठे आहेत?" अ‍ॅव्हरिलने विचारलं.

"लॉइडने घेतली. नव्यांच्या हिशेबात वळती केली. तसंही ती आता बसणार नाहीत, चाक बसतं तो आतला भागच बदललाय."

"मला विचारलं नाहीस."

"अगं, चाकं होती ती, अ‍ॅव."

तिने एका पाकळीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "आणि मी रविवारी काय करायचं?"

"आराम कर," डेस म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की तो तिला काही देतो आहे. "ही पाइपाने धुतली की दोन मिनिटांत साफ. तुझे गुडघे सुटले."

अ‍ॅव्हरिल आत गेली. डेस माझ्याकडे वळून म्हणाला, "सवय होईल तिला." मी झाडू चालवत राहिले.

क्लबाने तोंडावर काही म्हटलं नाही. इंग्रज माणूस तोंडावर काही म्हणत नाही. डिसेंबरच्या जेवणात त्यांचे जुने मित्र नॉर्मन आणि पॉलीन दुसऱ्या टेबलावर बसले. वसंतातल्या फेरीचं पत्रक पर्स्लोंना मिळालंच नाही. डेसने फोन केला तेव्हा सेक्रेटरी म्हणाला, "आम्हाला वाटलं तू आता लॉइडच्या मंडळींबरोबर असतोस." डेसने फोन ठेवला आणि म्हणाला, बरं झालं, म्हातारी खोडं एकजात. ती म्हातारी खोडं म्हणजे अ‍ॅव्हरिलचा तीस वर्षांचा मित्रमैत्रिणींचा गोतावळा होता, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. किंवा आलं असेल.

मे महिना आला. दोघं नेहमीसारखी अ‍ॅबरडोव्हीला निघाली. अ‍ॅव्हरिलने उशी घेतली, मग आणखी एक घेतली. त्यानंतरचं तिने मला सांगितलं ते असं. गाव सुटायच्या आधीच तिला कळलं की हे जमणार नाही. रबर एवढं पातळ की प्रत्येक खडा थेट मणक्यात. नाइटनपर्यंत तिने दात आवळून धरले. मग म्हणाली, "डेस, जरा हळू घे."

"हळूच आहे. स्पोर्ट्स कार अशीच हवी गं. रस्ता जाणवायला हवा."

"मला फक्त रस्ताच जाणवतोय."

तो हसला. न्यूटाउनला तिने गाडी थांबवायला लावली, कारण तिचा उजवा पाय बधिर झाला होता. फूटपाथच्या बाकावर ती बसली. डेस चहा घेऊन आला. ती म्हणाली, "मला पुढे येववणार नाही."

तिला वाटलं, तो म्हणेल चल, घरी जाऊ. निदान म्हणेल, इथेच कुठे मुक्काम करू. डेसने घड्याळ बघितलं. म्हणाला, "लॉइड आणि मंडळी पुढे मॅखन्थलेथला भेटणार आहेत. मी त्यांना येतो म्हणून सांगून बसलोय." मग म्हणाला, "इथून घरी जायला आगगाडी आहे ना, श्रूजबरीवरून? आगगाडीत तुला बरं पडेल."

त्याने तिला स्टेशनवर सोडलं, तिची पिशवी बाकावर ठेवली, दोन्ही उशा दिल्या, आणि तो गेला.

अ‍ॅव्हरिल श्रूजबरीला गाडी बदलून संध्याकाळी घरी पोचली. मी तिला स्टेशनवर आणायला गेले. दोन उशा छातीशी धरून ती डब्यातून उतरली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. डेसने फोटो पाठवला होता. समुद्र, धक्का आणि समोर आडवी लावलेली हिरवी गाडी. खाली लिहिलं होतं, तू हवी होतीस.

"दुसरी बाई असती," अ‍ॅव्हरिल माझ्या गाडीत बसताना म्हणाली, "तर चार लोकांना सांगता तरी आलं असतं. आता काय सांगू? माझा नवरा चार चाकांबरोबर गेला?"

मी हसले. ती हसली नाही.

त्यानंतर ती एमजीत बसली नाही आणि डेसनेही 'चल, बस' असं म्हटलं नाही. दर शनिवारी तो लॉइडच्या मंडळींबरोबर जायचा. तिच्या सीटवर त्याची हत्यारांची पेटी असायची. अ‍ॅव्हरिल दुकानातून निवृत्त झाली, तिने बागेत वाटाणे लावले. दोघं एका टेबलावर जेवायची. आरडाओरडा कधी ऐकू आला नाही. मला वाटलं, निवळलं.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये डेसचं हर्नियाचं ऑपरेशन हेरफर्डच्या हॉस्पिटलात झालं. घरी आणायला अ‍ॅव्हरिलने जायचं होतं. घरात एक छोटी, मऊ, कंटाळवाणी गाडी होती, बाजारहाटाची. सकाळी मी खिडकीतून पाहिलं तर अ‍ॅव्हरिल एमजी बाहेर काढत होती. हत्यारांची पेटी तिने गॅरेजच्या जमिनीवर ठेवली. मी काच उघडून म्हटलं, "अगं, ही कशाला? तुझी पाठ?"

"छान ऊन पडलंय," ती म्हणाली.

पुढचं मला डेसने सांगितलं, पुष्कळ नंतर. नर्स त्याला चाकांच्या खुर्चीतून दारापर्यंत घेऊन आली आणि गाडी बघून म्हणाली, "अय्या, किती सुंदर." टाक्यांवर दाबून धरायला तिने त्याला एक उशी दिली होती. तो आत कसाबसा बसला. अ‍ॅव्हरिल मोठ्या रस्त्याने निघाली, आणि मग बॉडनमच्या बाजूला आत वळली. त्या गल्लीवजा रस्त्यांवर हिवाळा संपता संपता काय अवस्था असते ते डेसइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तिथल्या तक्रारींना त्यानेच उत्तरं लिहिली होती.

"अ‍ॅव, इकडून का?"

"जवळ पडतं."

पहिल्या खड्ड्यात त्याच्या तोंडून आवाज निघाला. दुसऱ्यात तो म्हणाला, "हळू घे. टाके आहेत."

"हळूच आहे."

"अ‍ॅव."

"रस्ता जाणवायला हवा ना, डेस?"

मग तो उशी पोटाशी दाबून डोळे मिटून बसला. तिने एकही खड्डा चुकवला नाही. आपण मधे एकदा डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं, असं त्याने सांगितलं. तिचा ओठ दातांत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कारण तोच प्रत्येक दणका तिच्याही मणक्यात जात होता. पण अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काही तिने उचलला नाही.

घरी फाटकाशी गाडी थांबली तेव्हा मी बाहेर होते. दोघांनाही उतरता येईना. शेवटी डेस म्हणाला, "तू हे मुद्दाम केलंस."

"हो," अ‍ॅव्हरिल म्हणाली.

मी आधी तिला बाहेर काढलं, मग त्याला.

त्याचे टाके शाबूत होते. महिन्याभरात तो बरा झाला. अ‍ॅव्हरिल झाली नाही. त्या दिवशी तिच्या पाठीत जे काही सरकलं ते पुन्हा जागेवर आलं नाही. सर्जनने ऑपरेशन केलं, त्यानेही फारसा उपयोग झाला नाही. आता ती काठी घेऊन घरातल्या घरात चालते. मी एकदा तिला म्हटलं, "त्याला धडा शिकवलास, पण केवढ्याला?" ती म्हणाली, "मला वाटलं होतं, बरं वाटेल. पहिल्या दोन खड्ड्यांना वाटलंही."

डेसने त्या उन्हाळ्यात गाडी विकली. कुणीतरी चेशरहून आला होता. मूळची चाकं आहेत का, असं त्याने सगळ्यात आधी विचारलं. डेस नाही म्हणाला. माणसाने तोंड वाकडं केलं, तरी घेतली.

आता स्वयंपाक डेस करतो. बरा करतो. चार वाजता तिच्यासाठी चहा नेतो, ती थँक्यू म्हणते. पॉलीन कधीमधी अ‍ॅव्हरिलला भेटायला येते, तेव्हा तो बागेत जाऊन उभा राहतो.

परवा तो कुंपणाशी आला. वाटाण्याच्या शेंगा दिल्या. मग हातातली टोपली इकडची तिकडे करत म्हणाला, "तुझ्याशी बोलते ती. माझ्याबद्दल काही म्हणते का?"

"नाही."

"काहीच नाही? वाईटसुद्धा?"

"नाही, डेस."

त्याने मान हलवली आणि रिकामी टोपली घेऊन आत गेला.