शेवंतीच्या दगडातली पाकळी

कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रतळाच्या चिखलात पांढरे स्फटिक फुलासारखे वाढले, चिखलाचा काळा दगड झाला आणि ती पांढरी फुलं त्यात राहिली; हाच शेवंतीचा दगड. दीर्घायुष्याची खूण म्हणून लोक तो भेट देतात. कारागिराने चाकावर तो अंमळ जास्त घासला आणि एक पाकळी उडाली. तिथे त्याने संगमरवराची भुकटी गोंदात कालवून बेमालूम भरली आणि दगड दुकानात मांडला.

गिऱ्हाईक म्हणून आल्या त्या नेमक्या त्याच्या शाळेतल्या बाई. आजारी बहिणीसाठी त्यांनी तोच दगड उचलला.

"तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय होते! पण ही पाकळी बघ, देवाशिवाय कुणाला जमेल?" त्यांचं बोट भरलेल्या पाकळीवरच होतं.

त्याचे कान तापले. "बाई, ती देवाची नाही, माझी आहे. खरी माझ्या हातून उडाली."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "आणि मी बहिणीला काय सांगितलं असतं रे?"

त्याने दगड परत घ्यायला हात पुढे केला. बाईंनी तो त्याच्या हातात ठेवला.

"खरवडून काढ. जागा रिकामी राहू दे. मी थांबते."

बाई स्टुलावर बसून बघत राहिल्या. तीस वर्षं हत्यार धरलेल्या हाताने तो त्यांच्यासमोर, अक्षर गिरवावं तसा, पाकळी खरवडू लागला.