वकीलपत्रावरचं दुसरं नाव
डिंकाची बाटली उघडली की मला साताऱ्यातलं माझं जुनं ऑफिस आठवतं. तिथं माझ्याकडे एक ज्युनिअर होती, लोणंदच्या गाद्या भरणाऱ्या मुसलमान घरातली पहिली वकील. म्हसवडच्या एका पक्षकाराचा जमिनीचा दावा तिनं आठवडाभर खपून तयार केला होता. वकीलपत्रावर माझ्या नावाखाली तिचं नाव टाइप झालं होतं, कोर्ट फीचं तिकीटही चिकटवलं होतं. सही करताना पक्षकार थबकला आणि माझ्या कानाशी लागला, "आवं साहेब, पोरगी लय हुशार हाय, पण हे नाव नगं. गावात काय म्हनत्याल?" शेजारच्याच टेबलावर ती बसली होती, तिला ऐकू गेलंच. मी कसनुसं हसलो आणि तिलाच म्हणालो, "नवीन काढ गं, माझ्या एकट्याच्या नावानं." तिनं काढलं. जुन्या कागदावरचं तिकीट ओल्या बोटानं अलगद सोडवलं, डिंक लावून नव्यावर बसवलं. "फुकट कशाला घालवायचं, सर," एवढंच बोलली. आता ती सांगलीत स्वतंत्र वकिली करते. तिथल्या कोर्टात कधी मी दिसलो की अजून उठून उभी राहते, आणि मी चटकन दुसरीकडे बघतो. पक्षकारानं नुसतं नको म्हटलं होतं. नाव काढून टाकलं ते मी, तेही तिच्याच हातानं.