अंगणातून कळलं पाहिजे

अवसरी गावात आमच्या खोलीत इंजिनिअरिंगची एक पोरगी भाड्यानं राहायची. बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची. बोलायच्या परीक्षेत स्लाइडवर अक्षरांची दाटी केली म्हणून नापास झालेली. फेरपरीक्षेच्या आदल्या दिवशी तिनं ओट्यावर लॅपटॉप मांडला आन् मला अंगणात लांब बसवलं. विषय कांदा साठवायच्या चाळीचा.

“बाबा, कळलं का?”

“समदं कळलं.” दुसरीच शिकलो, पण हार मानणारा मी न्हाई.

“मग सांगा की!”

मी डोळे बारीक करून पुन्हा स्लाइडकडं बघायला लागलो.

“चूक माझीय, बाबा,” म्हणत तिनं निम्मी अक्षरं पुसली, चाळीचं मोठं चित्र टाकलं. पुन्हा विचारलं, पुन्हा पुसलं. शेवटी चाळीत वारा कसा खेळतो ते मीच तिला सांगायला लागलो, तेव्हा कुठं ती जेवायला उठली.

ती पास झाली. मला कळलं न्हाई, ही चूक स्वतःची मानणारं शिकलेलं माणूस मी तेवढं एकच पाहिलं.