बदामाच्या खोडातला हिंग

भिंतीलगतच्या माझ्या बदामाची पानं शेजारच्या सुमनताईंच्या अंगणात पडतात, म्हणून त्या रोज भांडायच्या. गेले आठ दिवस मात्र मुकाट्याने झाडतात. भांडणारा शेजारी बरा, त्याच्या मनातलं निदान कळतं. गप्प झालेल्याचं काय करायचं? खोडाला भोक पाडून हिंग भरला की झाड वाळतं म्हणतात, आणि यंदा पानगळ जरा जास्तच आहे.

आज सकाळी मी खोड हुंगत असताना भिंतीपलीकडून त्या म्हणाल्या, "तोडायचं तर चाललं नाही ना? मी बोलले म्हणून? उन्हात तेवढीच सावली आहे हो मला."

मी ओशाळलो. दुपारी त्यांनी भिंतीवरून आमटीची वाटी दिली. हिंगाची खमंग फोडणी होती. ती वाटीही मी बराच वेळ नुसती हुंगत बसलो.