तीस आणि एकतीसच्या मधलं घर

नकाशावर वाडीतल्या प्रत्येक घराचा एक ठिपका होता. हिरवा, पिवळा नाहीतर लाल. एका घराला ठिपकाच नव्हता, आणि मला त्याचा भयंकर आनंद झाला. भोरमधल्या माझ्या खोलीत दिवसभर आकडे आणि खाने, खाने आणि आकडे. त्यात एखादं घर गायब होणं म्हणजे मेजवानीच!

काम साधं होतं. वेल्ह्याच्या डोंगरातल्या घरांमागचा चढ मोजून झाला होता, आणि पावसाआधी कुणाला खाली हलवायचं ते त्यावरून ठरणार होतं. माझ्या प्रोग्रॅमनं प्रत्येक घराचा आकडा उचलायचा आणि तो कुठल्या खान्यात बसतो ते पाहायचं. वीस ते तीस अंश पिवळा, एकतीस ते चाळीस लाल. लाल घर हलवायचं, पिवळं राहू द्यायचं. या घराचा चढ होता तीस पूर्णांक चार. खाने आखणाऱ्यानं पूर्ण आकड्यांचाच विचार केलेला, आणि मोजायचं यंत्र दशांशात बोलणारं. प्रोग्रॅमनं बिचाऱ्यानं दोन्ही दारं ठोठावली, दोन्हीकडून नकार आला, तेव्हा त्यानं रकाना कोरा सोडला.

मधली फट बुजवणं सोपं होतं. पण कुठल्या बाजूनं? पिवळा पुढे ओढायचा की लाल मागे? ऑफिसात विचारलं तर उत्तर आलं, "तुम्हीच बघून या."

यंत्र पिशवीत टाकून निघालो. कापूरहोळ, नसरापूर, मार्गासनी, तिथून पुढे एका टेम्पोत. टेम्पो वरच्या वाडीतल्या लाल घरांतलं उरलंसुरलं सामान खाली आणायला चालला होता आणि त्याची ही शेवटचीच खेप होती.

वाडीत ऐन दुपारचं ऊन होतं, आणि आवाज नव्हता. कुत्रं नाही, कावळा नाही. लाल घरांना कुलपं, बाकीच्या घरांची दारं उन्हामुळे बंद. टेम्पोवाल्याला त्या एका घराबद्दल विचारलं, तर तो म्हणाला, "ते व्हय? ते दोन गावांच्या शिवेवर हाय. ह्यांचं बी न्हाई, त्यांचं बी न्हाई." आणि खाली उतरेचना.

घरात एक म्हातारी एकटी बसली होती. बांधलेलं गाठोडं शेजारी.

"मावशी, तयारी झाली वाटतं?"

"कशाची तयारी? आमचं नावच न्हाई म्हनं तुमच्या कॉम्प्युटरात."

"नाव आहे हो. रंग नाही."

"तेच की! शिवेवरचं कुणाला दिसतंय? हितं ती शिवंवरची बाई ऱ्हाती, म्या आवसेला दहीभात ठेवते तिला. मला वाटायचं मानसांनाच दिसत न्हाई. आता मशीनला बी दिसंना!" म्हातारी खूश होती. मीही खूश होतो. अशी सांगणारी आणि असा विषय रोज मिळत नाही. मी चेहरा गंभीर करून, आवाज खाली आणून विचारलं, "ती करते काय?"

"हाळूहाळू सरकती," म्हातारी म्हणाली.

मग तिनं मला पाणी दिलं. मी पितळी तांब्या जमिनीवर ठेवला आणि सहज आत पाहिलं. पाणी एका कडेला काठाशी आलं होतं, दुसऱ्या कडेला बोटभर खाली. तांब्या तर सरळ दिसत होता. भिंत सरळ दिसत होती. मीही सरळ बसलो आहे असंच मला वाटत होतं. सगळं घर एकत्र कललं की आतल्या माणसाला ते कळायचं कसं?

खिशातली सुपारी काढून मी खाली सोडली. ती दाराकडे निघाली, घाई न करता, ओळखीच्या वाटेनं.

"बघा," म्हातारी कुजबुजली. "गेली."

मी घरामागे गेलो. मोजणीवाल्यांनी जोत्यापासून वर दरडीपर्यंत चुन्याची एक रेघ मारली होती. ती आता मधेच तुटलेली. वरचा तुकडा वीतभर बाजूला. कुणी पुसलेली नव्हती, पावलांचे ठसे नव्हते. माती कोरडी होती, आणि कान देऊन उभं राहिलं की तिच्यात कुठेतरी बारीक, दातांखाली खडा यावा तसा आवाज येत होता.

यंत्र त्याच जागी टेकवलं. आकडा थरथरत वर चढला आणि थांबला. एकतीस पूर्णांक दोन.

मी भोरात बसून त्याला पिवळ्यात ढकलू की लालमध्ये याचा विचार करत होतो. तो आपला आपण, पावलापावलानं चालत, लाल खान्यात येऊन बसला होता.

खालून टेम्पोचा हॉर्न वाजला. म्हातारी दारात आली, पण उंबरा ओलांडेना.

"उठा मावशी, निघायचं!"

"म्या एकटी कशी येऊ? तिला असं अधांतरी टाकून? रंग गावला का तिला?"

"गावला," मी म्हणालो.

"लाल व्हय?"

"लाल."

तिनं माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग गाठोडं माझ्या हातात दिलं, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि माझ्या पुढे झपाझप उतरायला लागली. टेम्पोपाशी पोहोचेपर्यंत आम्ही दोघांनीही मागे वळून पाहिलं नाही.