चादरीवरचा पेणकरपाडा

आजवर कुणालाच सांगितलं नाही ते सांगतो: आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या चित्रकार बाई ज्या माणसाला मीरा रोडच्या अख्ख्या पेणकरपाड्यात शोधत होत्या, तो मीच.

बाईंइतका चिखलावर जीव टाकणारं माणूस साऱ्या मुंबई इलाख्यात दुसरं नसेल. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. इथे जिकडेतिकडे टॉवर उठत होते आणि बाई त्यांच्या पायाच्या खड्ड्यांत उतरून डबे भरभरून माती आणत होत्या. नॉर्वेत, बर्फातल्या कोळ्यांसोबत राहून त्यांनी म्हणे संशोधन केलं होतं. खरं काम उत्तरेलाच होतं, हे त्यांचं ठाम मत. दादर सोडून मीरा रोडला आल्यावर तर "आम्ही आता उत्तरेत असतो" हे त्या अशा थाटात सांगत की ऐकणारा स्वेटर शोधायला लागे. मिठागराचा राखाडी चिखल, काशीगावची तांबडी माती, काशीमीऱ्याच्या गॅरेजमधलं जळकं ऑइल, सगळं लिफ्टने वर. वॉचमन वैतागायचा, "मॅडम, लिफ्ट में मिट्टी मत लाओ ना!"

"मिट्टी नहीं भैया, कलर है!"

एका रविवारी त्यांनी गच्चीवर चादरी जोडून पसरल्या आणि जुन्या घरांतल्या म्हाताऱ्यांना बोलावलं. ज्याने त्याने मातीत बोट बुडवून आपलं शेत काढायचं. शेतं कधीच विकली गेली होती, भांडणं मात्र शाबूत होती.

"तुजा बांध माज्या खाचरात घुसलाय, माग घे!"

"कसला खाचर? तिथं आता मॉल हाय!"

बाई नाचायच्या तेवढ्या बाकी होत्या. फक्त मधोमध, आमच्या बिल्डिंगच्या जागी, ताटाएवढं कोरं राहिलं. "इथे काय होतं हो? हे नाही कळलं तर माझा नकाशा अर्धाच."

"त्या अंगाचा कोनी ऱ्हायला न्हाय, बाय," एक म्हातारा म्हणाला.

बाई माझ्याकडे पाहून हसल्या. "दादा, तुम्ही तर गिरगावचे. तुम्हाला काय विचारायचं!"

मीही हसलो. लहानपणीच मावशीकडे गिरगावात शिकायला गेलो, म्हणून म्हाताऱ्यांनी मला ओळखलं नाही. आणि बिल्डिंगमधल्या ऑफिसवाल्यांत मी आपला गिरगावचाच होऊन बसलो होतो. ती कोरी जागा म्हणजे आमचं भाताचं खाचर. वडिलांनी ते बिल्डरला दिलं, त्यातच हा फ्लॅट आला. नंतर मरेपर्यंत त्यांनी त्या शेताचं नाव पुन्हा तोंडातून काढलं नाही. गच्चीवर मी बाईंनी दिलेला वडा खात राहिलो.

मग बाई कितीतरी दिवस दारोदार विचारत फिरल्या. माझं दार तेवढं सोडून.

आता त्या आणखी उत्तरेला, हिमालयात स्पितीतल्या कुठल्याशा गावात बायकांकडून तसल्याच चादरी रंगवून घेताहेत. आमची चादर तिथे भिंतीवर आहे म्हणतात, कोऱ्या जागेसकट.

आमच्या शेताचं नाव 'बायजीचा तुकडा'. एवढं सांगणं मी त्यांचं देणं लागतो.